ब्रेकसाहेब

महानगरात गोल मार्केटच्या चौकात उभं राहून कुणालाही 'ब्रेकसाहब कहाँ रहते हैं' असं विचारावं. पानवाला पान लावता लावताच हनुवटीनं गल्ली दाखवतो. खरं नाव विचारलंत तर तोही गडबडेल. दारावरच्या पाटीचाही उपयोग नाही, कारण तिच्यावरची अक्षरं उन्हानं उडून गेली आहेत. नवी पाटी करायची आहे, पण पितळ किती जाड घ्यायचं, अक्षरं कोरीव हवीत की उठावाची, आणि स्क्रू पावसाळ्यात गंजले तर जबाबदार कोण, या विषयावर कारागिराशी पत्रव्यवहार चालू आहे. कारागीर समोरच्याच गल्लीत राहतो. तरीही पत्रव्यवहारच.

हे महानगर म्हणजे लखनौतली गोमतीपलीकडची, निशातगंजचा पूल उतरल्यावर लागणारी वस्ती. ब्रेकसाहेबांचे आजोबा साताऱ्याकडचे. भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू केलं, त्यानंतर काही वर्षांनी ते तिथं गाणं शिकायला आले. गाणं किती आलं याविषयी घरात मौन आहे. माणूस मात्र इथंच राहिला. तिसऱ्या पिढीच्या मराठीत त्यामुळे दोन्ही गावं सुखानं नांदतात. 'आपण तशरीफ ठेवावी, पोहे होतच आहेत,' हे वाक्य मी जगात फक्त याच घरात ऐकलं आहे.

साहेबांची सगळी नोकरी मानकनगरच्या आरडीएसओमध्ये झाली. रेल्वेच्या डब्यापासून रुळापर्यंत प्रत्येक वस्तूची मानकं जिथं ठरतात ती ही संस्था. साहेब ब्रेकच्या विभागात होते आणि निवृत्त झाल्यावरही मनानं तिथंच आहेत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी: वेळेत थांबवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या. पहिल्या प्रकारात मालगाडी, उतू जाणारं दूध आणि नातवंडं. दुसऱ्या प्रकारात मेहुणे. आगगाडीच्या हवेच्या ब्रेकची थोरवी ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात: नळीतली हवा गेली, डबा तुटला, काहीही बिघडलं तरी ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. 'बिघाड झाला की थांबायचं, ही अक्कल माणसाला दिलेली नाही, ब्रेकला दिली आहे,' हे त्यांचं आवडतं वाक्य.

असा माणूस विमानातून उडी मारण्याच्या नादाला लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

निमित्त वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, वाचून दाखवलेल्या बातमीचं. नोव्हेंबर २०२३. पुण्याच्या शीतल महाजन यांनी एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून हेलिकॉप्टरमधून उडी मारली होती. वहिनी कौतुकानं वाचत होत्या. साहेबांनी वर्तमानपत्र हातात घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, 'पण उतरल्या कुठं?' काला पत्थरवर. 'ती जागाच साडेसतरा हजार फुटांच्या आसपास असणार. मग यांनी उंचीमापकाचं शून्य कुठं धरलं?'

या प्रश्नानं त्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ते बाईंची सगळी कारकीर्द काढून बसले. १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत, २,४०० फुटांवरून उडी. २००६ साली दक्षिण ध्रुव. २०११ साली पद्मश्री. २०१८ साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून. मराठी माणूस म्हणून साहेबांची छाती फुगत होती. पण उत्तर ध्रुवावरची ती उडी बाईंच्या आयुष्यातली पहिलीच होती, त्याआधी सरावाची एकसुद्धा नव्हती, हे वाचलं आणि फुगलेली छाती तशीच अडकली. संध्याकाळी मला म्हणाले, 'थोर आहेत, नमस्कारच केला पाहिजे. पण मी त्या खात्यात असतो तर फाइल परत पाठवली असती.' नऊवारीबद्दल त्यांची शंका वेगळी होती. मोकळा पदर आणि छत्री उघडायची मूठ यांत अंतर किती ठेवलं होतं? वहिनी म्हणाल्या, 'नऊवारीचा पदर खोचतात.' साहेबांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी स्वतःची फाइल उघडली. विषय: विमानातून उडी घेणे, शिक्षण व साहित्य, नवशिक्यासाठी. खाली तारीख आणि सही.

साहेबांची जात आपण सगळे ओळखतो. गाणं शिकण्याआधी मिरजेहून तानपुरा मागवणारे, राजगडाची पायवाट पाहण्याआधी बुटांवर पंधरा हजार खर्चणारे, दिवाळी अंकाला कथा पाठवण्याआधी लिहिण्याचं टेबल करून घेणारे. यांच्यातले बहुतेक साहित्य घेऊन थांबतात. साहेब त्यांच्यापेक्षा एक पायरी वरचे. ते साहित्यही लगेच घेत नाहीत. आधी साहित्याचं मानक तयार करतात.

गंमत अशी, की या खेळात शिकण्याचा क्रम उलटा असतो आणि तो साहेबांच्या स्वभावाला कमालीचा मानवतो. नवशिक्यानं आधी काही विकत घ्यायचंच नसतं. पहिली उडी टँडम, म्हणजे शिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी जखडून. तिथं सगळं साहित्य शिक्षकाचं. पुढं शिकायचं ठरवलं तरी विद्यार्थ्याची छत्री, पाठीवरची पिशवी, राखीव छत्री हे सगळं शिकवणाऱ्यांकडूनच मिळतं. अमेरिकन संघटनेचा पहिला, म्हणजे 'ए' परवाना मिळवायला किमान पंचवीस उड्या लागतात, आणि तोवर शहाणी माणसं भाड्याच्या साहित्यावरच असतात. स्वतःचं म्हणून घ्यायचं ते लहानापासून: आधी डोळ्यांवरचा गॉगल, मग मनगटावरचा उंचीमापक, शिरस्त्राण, अंगावरचा सूट. छत्री सगळ्यांत शेवटी, तीही आपल्याला शिकवणाऱ्याला विचारून. पूर्ण नवा संच सात-आठ हजार डॉलरच्या पुढं जातो, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण असं, की दहा उड्यांनंतर माणसाला जी छत्री आवडते, ती बहुधा त्याला न झेपणारी असते.

उंचीमापक आला तो दिवस महानगर विसरणार नाही. घड्याळापेक्षा दुप्पट मोठी तबकडी, एकच काटा, बारा हजार फुटांपर्यंत आकडे. जमिनीवर शून्य लावायचं आणि मग वर जायचं. साहेबांनी अंगणातल्या तुळशीपाशी शून्य लावलं आणि जिन्यानं गच्चीवर गेले. काटा हलला की नाही याबद्दल घरात दोन पक्ष पडले. मग भाजीला जाताना, बँकेत, बादशहानगरच्या मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यावर, सगळीकडे तो डाव्या मनगटावर. बँकेतल्या मुलीनं 'अंकल, कितने बजे हैं' असं विचारलं, तर मनगटाकडे बघून म्हणाले, 'ज़मीन पर हैं.'

उंचीचा त्यांचा हिशेब घंटाघरात चालतो. हुसैनाबादचा एकोणिसाव्या शतकातला मनोरा २२१ फूट उंच आहे आणि लखनौत ज्याला फूट कळत नाहीत त्याला घंटाघर कळतं. स्वयंचलित उघडणीचं एक यंत्र असतं. माणूस घाबरला, बेशुद्ध पडला, मूठ ओढायला विसरला, तर ते यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग ओळखतं आणि राखीव छत्री आपणच मोकळी करतं. एअरटेक या जर्मन कंपनीनं १९९१ साली काढलेलं 'सायप्रेस' हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. त्याचं साधं मॉडेल साधारण ७५० फुटांवर जागं होतं. 'म्हणजे साडेतीन घंटाघर,' साहेब सांगतात. 'पालथा पडणारा माणूस ताशी एकशे नव्वद किलोमीटरनं येतो. आपली गतिमान एक्स्प्रेस एकशेसाठनं जाते, तीही इंजिन लावून. साडेतीन घंटाघरांना लागणार सव्वाचार सेकंद. तेवढ्यात यंत्र आपलं काम करतं!' हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. चाळीस वर्षं ज्या तत्त्वाची पूजा केली ते आकाशातही आहे, माणूस चुकला तरी ब्रेक लागतो, हा त्यांना साक्षात्कार होता. एका बाबतीत मात्र त्यांच्या मनाला लागलं. वेगातल्या गाडीला आणीबाणीचा ब्रेक लावला तरी ती किलोमीटरभर जाते. छत्री सात-आठशे फुटांत, म्हणजे अडीचशे मीटरच्या आत, माणसाला जवळजवळ उभा करते. 'कापडानं!' ते पुटपुटले आणि त्या दिवशी लवकर झोपले.

सूटचं प्रकरण निशातगंजच्या शिंप्याकडे गेलं. साहेबांनी चार पानांचं मानक नेलं होतं. मास्टरजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, 'हुज़ूर, इस पर चिकन का काम भी होगा?' साहेबांनी समजावलं, की हा पोशाख शोभेचा नाही, वेगाचा आहे. अंगाबरोबर घट्ट सूट घातला तर माणूस जोरात पडतो, ढगळ घातला तर हवा धरतो आणि सावकाश पडतो. बारीक मुलगी आणि जाडा शिक्षक यांना एका पातळीवर राहायचं, तर तिला घट्ट आणि त्याला ढगळ शिवावा लागतो. साहेबांचं वजन ब्याण्णव किलो, तेव्हा ढगळच. मास्टरजींनी टेप गळ्यात टाकली आणि एका क्षणात चार पानांचा निकाल लावला: 'यूँ कहिए कि ऊपर से शेरवानी और नीचे से ग़रारा.' साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. ते विचारात पडले. मग म्हणाले, 'तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.'

शिवून आलेला सूट निळा आहे. पायाशी हवा धरायला मास्टरजींनी जरा जास्तच कापड सोडलं आहे. वहिनी त्याला 'तुमचा लग्नाचा' म्हणतात.

आता छत्री. इथं माझ्या मते या माणसाची खरी परीक्षा झाली, आणि ती पाहायला मी हजर होतो हे माझं भाग्य.

सबंध लष्कराच्या छत्र्या शिवणारा कारखाना कानपुरात आहे, १९४१ सालापासूनचा, म्हणजे दारातच. छत्र्यांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आग्र्यात, जवानांना उड्या शिकवणारी शाळाही आग्र्यात. २०१५ साली धोनीनं आपल्या उड्या तिथल्याच मालपुऱ्याच्या मैदानावर मारल्या. उत्तर प्रदेशातल्या माणसाला छत्रीसाठी अमेरिकेकडे पाहायला लागावं याचा साहेबांना राग येई. पण लष्कराची गोल छत्री वेगळी आणि खेळातली चौकोनी, पंखासारखी वळवता येणारी छत्री वेगळी. ही दुसरी १९६०च्या दशकात डॉमिना जालबर्ट या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघाली. पुढच्या बाजूनं कप्प्यांत हवा शिरते, कापड फुगून पंख होतो, आणि मग तो नुसता खाली उतरत नाही, पुढंही धावतो. जितकी लहान छत्री, तितकं जोरात धावणं. साहेबांनी वहीत लिहिलं: 'म्हणजे ब्रेकच गाडी झाला. गंभीर बाब.'

हिशेब सोपा आहे. माणूस अधिक साहित्य, मिळून पौंडांत वजन. त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. नवशिक्याचं उत्तर एकच्या वर जाऊ नये. साहेब ब्याण्णव किलो, पाठीवरचं ओझं बारा, एकूण एकशेचार किलो, म्हणजे दोनशे एकोणतीस पौंड. तेव्हा दोनशे तीस चौरस फुटांच्या खाली जायचं नाही आणि सुरुवात त्याच्याही बरीच वरून करायची. इथवर सगळं ठीक.

पण खरेदी म्हटली की तीन निविदा मागवायच्या, हा चाळीस वर्षांचा संस्कार. साहेबांनी ओळखीपाळखीतून तीन दरपत्रकं मिळवली. दोन नव्या संचांची, रक्कम ऐकून वहिनींनी पंखा लावायला सांगितला. तिसरं बंगळुरूच्या एका तरुणाचं: वापरलेली छत्री, उत्तम स्थितीत, किंमत निम्म्याहून कमी, आकार दीडशे चौरस फूट. घरचं वित्त खातं वहिनींकडे. त्यांनी तिन्ही कागद पाहिले आणि निकाल दिला: 'तुमच्याच रेल्वेचा नियम. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला ऑर्डर.'

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जो नियम त्यांनी जन्मभर ठेकेदारांच्या गळ्याला लावला, तो त्यांच्याच गळ्याला लागला होता. दोनशे एकोणतीस भागिले दीडशे, उत्तर दीडच्या वर. अशी छत्री शेकडो उड्या झालेल्या माणसानं घ्यायची. नवशिक्याच्या हातात ती उघडेल व्यवस्थित, उडेल व्यवस्थित, आणि जमिनीपाशी वळताना त्याला तितक्याच व्यवस्थितपणे आपटेल. या खेळातले कितीतरी जीवघेणे अपघात छत्री न उघडल्यामुळे नाही, तर उत्तम उघडलेल्या छत्रीखाली, उतरतानाच्या चुकीनं होतात. साहेबांनी हे सगळं वहिनींना समजावलं. वहिनी म्हणाल्या, 'मग टेंडरमध्ये लिहायचं होतं.'

तीन दिवस घरात शांतता होती. चौथ्या दिवशी सकाळी माझं फाटक वाजलं. साहेब दारात, हातात कागद, चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच दिसलेलं तेज. 'दोन लिफाफे!' ते म्हणाले. 'आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा. त्यात नापास झाला की दराचा लिफाफा उघडायचाच नाही. ही पद्धतही रेल्वेचीच आहे.' बंगळुरूचा तरुण तांत्रिकदृष्ट्या बाद झाला. उरलेल्या दोघांचे दर अवाजवी ठरले. निविदा रद्द करून फेरनिविदा काढायचं ठरलं आणि छत्रीची खरेदी अनिश्चित काळासाठी पुढं गेली. मला विचाराल तर एवढ्या वळणानं का होईना, साहेब नेमक्या शहाण्या निर्णयाला पोचले: छत्री घ्यायची नाही. सरकारी पद्धतीनं माणसाचा जीव वाचल्याचं हे उदाहरण मी जपून ठेवलं आहे.

दरम्यान गच्चीवर सराव सुरू झाला होता. हवेत पडताना पोट पुढं काढून, हातपाय मागं वळवून कमान करायची असते, म्हणजे शरीर आपोआप पालथं स्थिर राहतं. साहेब खाटेवर पालथे पडून कमान करीत आणि दर पाच सेकंदांनी मनगटाकडे पाहत. पहिल्या हजार फुटांना दहा सेकंद, पुढच्या प्रत्येक हजाराला साडेपाच. पाच हजार पाचशे फुटांवर हात मागं नेऊन मूठ ओढायची. मूठ म्हणून वहिनींनी चपाती लाटायचं लाटणं दिलं होतं.

लखनौच्या गच्च्या मोकळ्या नसतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या जमघटाला तर सगळं शहर पतंग घेऊन वर असतं. हवेचं वेड इथं जुनंच. क्लॉड मार्टिन या फ्रेंच गृहस्थानं अठराव्या शतकातच, पॅरिसला फुगे उडाल्यानंतर थोड्याच काळात, लखनौत गरम हवेचे फुगे उडवून दाखवले होते. तर त्या जमघटाच्या दिवशी शेजारच्या गच्चीवर एक म्हातारे पतंगबाज आले होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी बराच वेळ खाटेवरच्या साहेबांकडे पाहिलं. मग अदबीनं विचारलं, 'जनाब की तबीयत तो ठीक है?' साहेबांनी उठून सगळा खुलासा केला. छत्रीचं चित्र दाखवलं. उस्तादांनी चित्र उलटसुलट केलं, कापडाकडे पाहिलंच नाही, बोट थेट दोऱ्यांवर ठेवलं. 'कन्ने किसने बाँधे हैं?'

पतंगाला दोरा जोडायच्या आधी जे दुहेरी बंध बांधतात ते कन्ने. पुढचा आखूड झाला की पतंग डोकं खाली घालतो, मागचा आखूड झाला की थबकतो. साहेब उडालेच. छत्रीच्या पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांच्या लांबीतला फरक तिचा कल ठरवतो, हे त्यांना दोन महिने वाचून कळलं होतं. उस्ताद पुढं म्हणाले, की वापरलेला कनकौवा, म्हणजे पतंग, घ्यावा, पण कन्ने नवे बांधून घ्यावेत. जुन्या छत्रीच्या दोऱ्याही घासून आखडतात आणि ठराविक उड्यांनंतर बदलाव्या लागतात, ही गोष्ट बंगळुरूच्या तरुणानं सांगितली नव्हती. त्या दिवशी प्रथमच मी साहेबांना कुणाचं बोलणं न तोडता ऐकताना पाहिलं.

आणि शेवटी, हो, साहेबांनी उडी मारली. नाहीतर ही फाइल मी उघडलीच नसती.

हरियाणात नारनौलजवळ बाछोदची धावपट्टी आहे. दिल्लीहून मोटारीनं तीन-चार तास. साहेब, वहिनी, मी, शिवाय पुऱ्यांचा डबा आणि पाच किलो लखनवी रेवडी. रेवडी अशासाठी, की जगभर या खेळात एक रीत आहे: कुणी कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली, की त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. साहेब घेत नाहीत आणि पाजतही नाहीत. त्यांनी 'समकक्ष पर्याय' म्हणून रेवडी मंजूर केली होती.

शिक्षक तिशीचा, हसतमुख, शेकडो माणसं पोटाशी बांधून खाली आणलेला. साहेबांनी चौऱ्याऐंशी प्रश्नांचा कागद काढला. राखीव छत्रीची घडी कोणत्या तारखेला केली? घडी करणाऱ्याकडे परवाना आहे का? मुख्य छत्री गुंतली तर ती तोडून टाकायची मूठ कोणती, राखीव उघडायची कोणती? मुख्य छत्री खांद्यापासून सोडणारी ती तीन कड्यांची जोडणी कितीदा तपासता? ही जोडणी बिल बूथ नावाच्या माणसाची. तीन कड्या एकीत एक अडकवलेल्या, शेवटची एका बारीक दोरीच्या फासात. माणसाचं सगळं वजन लटकलेलं असतं, पण दोन बोटांच्या ओढीनं सुटतं. साहेबांनी ती हातात घेऊन दहा मिनिटं पाहिली. वीस प्रश्नांनंतर शिक्षकानं खुर्ची मागवली. साठाव्यानंतर तो स्वतः वहीत लिहून घ्यायला लागला. शेवटी म्हणाला, 'सर, लोग बस एक बात पूछते हैं, वीडियो कब मिलेगा.'

वहिनी तोवर पलीकडे सतरंजीवर गुडघ्यांवर बसून छत्रीची घडी करणाऱ्या मुलाकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, 'बेटा, अपनी बाँधी हुई से तुम खुद भी कूदते हो?' तो म्हणाला, 'जी आंटी, कल ही कूदा था.' वहिनी परत आल्या, बसल्या आणि पुऱ्यांचा डबा उघडला. साहेबांच्या चौऱ्याऐंशी प्रश्नांत हा नव्हता. त्यांनी तिथंच पंच्याऐंशी क्रमांक घालून तो लिहिला आणि पुढं 'सौजन्य: सौ.' असं नमूद केलं.

लखनौचा माणूस आणि विमानाचं दार म्हटल्यावर वाचक ज्या 'पहले आप'ची वाट पाहत असतील, तो प्रसंग घडला नाही. टँडममध्ये दोघं चार कड्यांनी एकत्र असतात. आधी-नंतर करायला सोयच नसते.

दहा हजार फुटांवरून उडी. मोकळं पडणं तीस सेकंदांच्या आसपास. बरोबर एक छायाचित्रकारही उडाला होता, त्यामुळे वर काय झालं याचा पुरावा आहे. आम्ही तो संध्याकाळी पाहिला. खाली अरवलीच्या टेकड्या, मोहरीची शेतं, निळ्या आकाशात निळा गरारा फडफडतो आहे. शिक्षक हसतो आहे. छायाचित्रकार समोर येऊन हात हलवतो आहे, अंगठा दाखवतो आहे, 'इकडे बघा' म्हणून खुणा करतो आहे. आणि साहेब? साहेब पूर्ण वेळ डाव्या मनगटाकडे बघत आहेत. आकाश नाही, जमीन नाही, कॅमेरा नाही. तीस सेकंद काट्यावरून नजर हलली नाही. छत्री उघडली, शिक्षकानं कानात ओरडून विचारलं, 'कैसा लगा सर?' त्यावर ब्रेकसाहेबांचे आकाशातले पहिले शब्द स्पष्ट ऐकू येतात: 'आपके और मेरे मीटर में दो सौ फ़ीट का फ़र्क़ है.'

खाली उतरल्यावर पाय सुन्न, चेहरा पांढरा, पण लेखणी चालू. परतीच्या गाडीत अलीगढ येईपर्यंत चाचणी अहवाल तयार होता. उघडणी समाधानकारक. ब्रेक उत्कृष्ट. सूटच्या पायाशी कापड अर्ध्या हातानं कमी करावं. निरीक्षकाला दृश्य पाहण्यास वेळ मिळाला नाही, सबब फेरचाचणी आवश्यक.

ही 'फेरचाचणी' म्हणजे थायलंडला जाऊन पुरा अभ्यासक्रम आणि पंचवीस उड्या. फाइल वित्त खात्याकडे आहे. वहिनींनी शेरा मारला आहे: 'प्रथम दारावरची पाटी पूर्ण करावी.'

महानगरात मी बरीच माणसं पाहिली, धाडसी म्हणवणारीही. त्यातल्या कुणाबरोबर विमानात बसायचं असं मला विचारलं, तर मी ब्रेकसाहेबांचं नाव सांगेन. खिडकीबाहेर पाहू देणार नाहीत, ही एक अडचण सोडली तर.

आपल्यापैकी कुणाच्या घरात एखाद्या मुलाच्या डोक्यात हे उडीचं वारं शिरलं असेल आणि तो स्वस्तात छत्री मिळते म्हणून पैसे पाठवायला निघाला असेल, तर त्याला आधी लखनौला पाठवा. पंच्याऐंशी प्रश्नांच्या कागदाची प्रत साहेब फुकट देतात, वर पोहेही मिळतात. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नये. त्या वेळी ते गच्चीवर पालथे असतात.